रानात भरणारी बालवाडी : मराठवाड्यात तीन ते सहा वयाच्या लेकरांचा गट बाहेर कसा चालवावा

लेकरांना आठवड्यातून दोन-तीनदा झाडाखाली, बांधावर, माळावर न्यायचं ठरलं की नव्या ताई आधी वही काढून उपक्रमांची यादी करायला बसतात. पानांचे ठसे, बियांच्या माळा, पक्षी ओळखणे. ही वही सध्या बाजूला ठेवा. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी खरी तयारी करायची असते ती जागेची. जागा नीट पारखली, साफ ठेवली, तिची शीव मुलांच्या अंगवळणी पाडली आणि तिथेच पुन्हा पुन्हा गेलं, की निम्मे उपक्रम मुलंच काढतात. जागा चुकली तर दोन तास "तिकडं जाऊ नको, हात लावू नको" म्हणण्यातच जातात. ताईचा घसा बसतो आणि महिन्याभरात सगळं बंद पडतं.

मराठीला ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी कुरणशाळाही होती. खेळण्यांच्या जागी पानं, बिया, शंख-शिंपले, माती हे साहित्य त्यांनी प्रतिष्ठेनं वापरलं. पण ते डोंगर आणि तो पाऊस कोकणपट्टीचा. आपल्याकडे चाळिशीपार जाणारं ऊन आहे, भेगाळणारी काळी माती आहे, उघड्या विहिरी आणि शेततळी आहेत. म्हणून पुढचा सगळा हिशोब मराठवाड्याचा मांडला आहे.

सुरुवात कधी करावी

शाळा जूनमध्ये उघडते म्हणून हे कामही जूनमध्ये सुरू करायचा मोह होतो. नव्या माणसानं तो टाळावा. जूनचा पहिला पंधरवडा विजांचा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये गवत वाढलेलं असतं, साप-विंचू बाहेर पडलेले असतात आणि तुमचा हात अजून बसलेला नसतो. दिवाळी झाली की सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपल्याकडे सगळ्यात सोयीचे: हवा कोरडी, गवत वाळून बसलेलं, रानात ज्वारी-हरभरा उभा. या चार महिन्यांत तीसेक फेऱ्या झाल्या की पुढचा पावसाळा तुम्हाला झेपेल.

वेळ सकाळचीच ठेवा. हिवाळ्यात ८.३० ते ११. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आठच्या आधी लेकरांना बाहेर काढू नका. मार्चमध्ये ७.३० ते ९.३०. एप्रिल-मेमध्ये दाट सावली आणि जवळ पक्कं छप्पर असेल तरच ६.४५ ते ८.१५, नसेल तर सरळ सुट्टी द्या. लहान मुलाचं अंग मोठ्यापेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात ते पाणी मागत नाही. गाल लाल, अंग गरम, मूल एकदम गप्प झालं, की खेळ थांबवायचा. ते रडायला लागेपर्यंत वाट पाहायची नाही.

जागा पारखणे

गावापासून मुलांच्या पायांनी दहा-पंधरा मिनिटांवर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आत. तीन वर्षांचं मूल यापेक्षा लांब चाललं तर पोचल्यावर खेळत नाही, बसून राहतं. क्षेत्र दहा ते वीस गुंठे पुरे. पाहिजेत तीन-चार मोठी सावलीची झाडं. कडुनिंब, चिंच, करंज, वड, आंबा यांतलं काहीही चालेल. बाभळीची सावली विरळ आणि खाली काट्यांचा सडा, म्हणून मुख्य झाड बाभूळ नको. वेडी बाभूळ तर हद्दीच्या आतही नको, तिचा काटा बुटाच्या तळातून आत येतो.

जमीन दोन प्रकारची मिळाली तर भाग्य समजा: थोडा मुरमाड चढ आणि थोडी काळी माती. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, त्या भेगेत लेकराचं पाऊल घोट्यापर्यंत जातं आणि तिथंच विंचवाचं घर असतं. पावसात हीच माती बुटाला चिकटून पाय उचलेनासा होतो. मुरमाच्या चढावर मात्र मोठ्या पावसानंतरही दुसऱ्या दिवशी खेळता येतं. म्हणून जमायची, बसायची, डबा खायची जागा मुरमावर ठेवा आणि काळ्या मातीचा तुकडा मातीकामासाठी.

आता नको असलेल्या गोष्टी. विहीर, शेततळं, उघडी बोअर, वाहता ओढा, मोटारीची उघडी वायर आणि स्टार्टरची पेटी यांतलं काहीही तुमच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत नको. शेततळ्याबद्दल जास्त सांगायला हवं, कारण ते विहिरीसारखं भीतीदायक दिसत नाही. काठ उतरता, पाणी निळंशार, वर तळपणारा प्लास्टिकचा कागद. त्या कागदावर शेवाळ धरतं आणि पाय सरकला की वर यायला धरायला काहीच नसतं. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा त्यावरून वर चढू शकत नाही. शेजारच्या वावरात शेततळं असेल, तर बाकी जागा कितीही सुंदर असली तरी ती सोडून द्या.

कापसाच्या किंवा तुरीच्या वावराला लागून जागा असेल तर मालकाशी फवारणीचं बोलून ठेवा. फवारणी झाली की पुढचे तीन दिवस तिकडे जाऊ नये आणि वाऱ्याची दिशा तुमच्याकडे असेल तर आणखी थांबावं. बांधावर पडलेले औषधांचे रिकामे डबे मुलांना खेळण्यासारखे दिसतात. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तो लाल, पिवळा, निळा की हिरवा हे बघत बसू नका, हातमोजे घालून सगळेच उचलून मालकाकडे द्या. कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग, जुन्या विटांचा ढीग हीही साप-विंचवाची हक्काची ठिकाणं. आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा, जवळ असला तर उत्तम, पण त्यामागची गंजी शिवेबाहेर राहिली पाहिजे.

झाडांकडे वर बघायला विसरू नका. वडा-पिंपळावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल तर ती जागा त्या हंगामापुरती बाद. वाळलेली, लटकलेली फांदी आधीच उतरवून घ्या.

शेवटची चाचणी मोबाइलची. जागेवर उभं राहून फोन लावून बघा, आणि तिथून सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयापर्यंत गाडीनं किती मिनिटं लागतात ते स्वतः जाऊन मोजा. लस आहे का, लहान मुलाला ठेवून घेतात का, रात्री-सुट्टीला डॉक्टर असतात का, हे तिथल्या परिचारिकेला आधी विचारून वहीत लिहा. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर दुसरी जागा शोधा.

परवानगी आणि पालक

खासगी वावर असेल तर मालकाची सहीची चिठ्ठी, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची, वनखात्याची जमीन असेल तर त्या खात्याची लेखी परवानगी. तोंडी होकारावर काम सुरू करू नका. मालकाचा भाऊ परगावाहून आला की तोंडी होकार संपतो.

पालकांची बैठक त्याच जागेवर घ्या, खोलीत नको. त्यांना शीव दाखवा, पाणी कुठे ठेवणार ते दाखवा, गाडी कुठे उभी राहणार ते दाखवा. पत्रकात मोघम लिहू नका. "मूल चिखलात खेळेल, कपडे मळतील, छातीएवढ्या उंचीच्या फांदीवर चढेल, कधी गुडघा खरचटेल" असं स्पष्ट लिहा आणि वाचून दाखवा. घ्यायची माहिती: दोन फोन नंबर, दमा, झटके, कशाची ॲलर्जी, चालू औषध, आणि त्रिगुणी लसीचे बूस्टर झाले की नाही. पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि दुसरा ५ ते ६ व्या वर्षी असतो. मातीत खेळणाऱ्या मुलाला धनुर्वातापासून तोच वाचवतो. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत अंगणवाडीतून मिळते, ती चुकवू नका. गंभीर वेळी पालकांची वाट न पाहता रुग्णालयात न्यायची संमतीही याच कागदावर घ्या.

"शिकायला पाठवलं तर मातीत लोळवता" हा प्रश्न येणारच. वाद घालू नका. त्या आईला किंवा आजीला एक पूर्ण सकाळ बसवून घ्या. लेकरू मुंगळ्यांच्या रांगेमागे वीस मिनिटं उकिडवं बसलेलं तिनं पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं. बहुतेक आज्यांना तुमच्यापेक्षा जास्त झाडं-पाखरं माहीत असतात, हेही त्या सकाळी कळतं.

माणसं

पहिल्या वर्षी बारा ते पंधरा मुलं, त्याहून जास्त नको. पंधरा मुलांमागे तीन मोठी माणसं. तीन वर्षांच्या मुलांचा भरणा जास्त असेल तर चार. मुलं सहाच आली तरी मोठी माणसं दोन हवीतच, कारण एक जण जखमी मुलाबरोबर गेला तर उरलेल्यांजवळ कोणीतरी थांबलं पाहिजे. तिघांची कामं वाटून द्या: एक जण मुलांत, एक जण शिवेवर, एक जण पाणी-डबा-शी-शू याकडे. तिघंही एकाच झाडाखाली बसून गप्पा मारायला लागले, की अपघात त्याच वेळी होतो.

मोजणी हा नियम नव्हे, सवय झाली पाहिजे. निघताना, पोचल्यावर, दर दहा मिनिटांनी, डब्याआधी, निघायच्या आधी, परतल्यावर. बोटं दाखवून मोठ्यानं मोजा. आकडा जुळला नाही तर बाकी सगळं थांबवा.

शीव आखणे

पहिल्या महिन्यात सगळी जागा उघडू नका. पाच गुंठ्यांचा चौकोन घ्या, म्हणजे साधारण ७४ फूट बाजू. घराघरात जुनं लाल किंवा पिवळं लुगडं असतं. त्याच्या चार बोटं रुंद, दीड फूट लांब चिंध्या फाडा. दर दहा-बारा फुटांवर एक, अशा पंचवीस ते तीस चिंध्या लागतात. झुडपाला किंवा तुराटीला बांधा, पण मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. आपल्या उंचीवर बांधलेली चिंधी मुलाला दिसतच नाही.

मग पहिले पाच दिवस रोज पोचल्याबरोबर सगळ्यांनी मिळून शीव फिरायची. प्रत्येक चिंधीला हात लावायचा, "ही आपली शीव" म्हणायचं आणि पुढे जायचं. नऊ-दहा मिनिटं लागतात, कंटाळा येतो तो मोठ्यांना. सहाव्या दिवशी एखाद्या मुलाला पुढे करा आणि त्याला शीव दाखवू द्या. इथं घाई केली तर पुढे महिनाभर ओरडावं लागतं. दुसऱ्या महिन्यात एक बाजू वाढवून दहा गुंठे करा आणि पुन्हा पाच दिवस फिरा.

बोलावण्यासाठी शिट्टीपेक्षा बैलाची घुंगरमाळ बरी. लांब ऐकू जाते, दचकवत नाही. माळ वाजली की हातातलं टाकून झाडाखाली यायचं, हा खेळ पहिल्या आठवड्यात रोज तीनदा खेळा आणि आलेल्याला काहीतरी छान ऐकवा: एखादी ओवी, एखादं बडबडगीत. माळ फक्त खरोखर बोलवायचं असेल तेव्हाच वाजवा.

मुलांसाठी नियम तीनच. ताई दिसेल तिथंच राहायचं. तोंडात घालायच्या आधी विचारायचं. काठी घेऊन पळायचं नाही. चौथा नियम केलात की पहिले तीनही विसरले जातात.

रोजची झडती

मुलं येण्याच्या अर्धा तास आधी एका मोठ्या माणसानं सहा फुटी काठी घेऊन जागा फिरायची. झाडांच्या बुंध्याभोवती, बिळांपाशी, पाचोळ्यावर काठी आपटत जा. साप जमिनीची धमक ओळखून निघून जातो. दगड उलटायचा असेल तर हातानं नाही. काठीचा आकडा पलीकडच्या कडेला अडकवून दगड आपल्या बाजूला उचला, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे पळतं आणि मध्ये दगडाची ढाल राहते. सराटे दिसले तर खुरप्यानं मुळासकट काढा, वाळायच्या आत. वाळले की काटे सुटून जमिनीभर पसरतात. फुटक्या बाटल्या, ब्लेड, तारेचे तुकडे सोमवारी जास्त सापडतात.

काही झाडं हद्दीत असूच नयेत, किंवा निदान मुलांना ओळखीची हवीत. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबानं दवाखान्यात पोचतात. कुंपणाला हे झाड फार लावलेलं असतं. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची काटेरी बोंडं, कण्हेर, लाल-काळी गुंज ही सगळी विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, भरपूर पाण्यानं धुऊन दवाखाना गाठावा. गाजरगवतानं अंगावर पुरळ आणि दम्याचा त्रास वाढतो, फुलायच्या आत उपटा. खाजकुयरीच्या शेंगा पावसानंतर कुंपणावर शोधा.

सामान, पंधरा मुलांसाठी

पिण्याचं पाणी ८ लिटर, हात धुवायला १० लिटर, जखम धुवायला वेगळी १ लिटरची बंद बाटली. गोणपाट किंवा घोंगडी दोन. खुरपी सहा लहान, बोथट केलेली. जुनी पातेली, पळ्या, नरसाळं, चाळणी, दोन बादल्या. भिंग एक-दोन पुरेत. सुतळीचा गुंडा, आठ मीटर दोर. प्रत्येक मुलामागे एक जादा चड्डी-सदरा घरून मागवा. पायात बंद बूट, चपला नाहीत; डोक्याला टोपी किंवा रुमाल.

हात धुवायला पायानं चालणारा नळ करा. पाच लिटरचा खाण्याच्या तेलाचा कॅन घ्या (शेतातला औषधाचा कॅन कितीही धुतला तरी घेऊ नका). तोंडापासून चार-पाच बोटं खाली, समोरच्या बाजूला, तापवलेल्या खिळ्यानं एक छिद्र पाडा. कॅन मुठीतून काठी घालून दोन मेखांच्या मध्ये टांगा. कॅनच्या गळ्याला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या आडव्या काडीला. काडीवर पाय दाबला की कॅन वाकतो, धार लागते; पाय सोडला की बंद. पाच लिटरमध्ये पंधरा मुलांचे हात दोनदा धुतात. साबण जाळीत घालून बाजूला लटकवा, नाहीतर तो चिखलात जातो. पाणी येतच राहिलं तर छिद्र खाली पडलं आहे. चिकटपट्टी लावून वर दुसरं पाडा.

शी-शूसाठी आडोसा: चार तुराट्यांना चादर, आत फूटभर खोल, वीतभर रुंद खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि तांब्या. हा आडोसा पाण्याच्या जागेपासून निदान पन्नास पावलं दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला.

डबा: भाकरी, पोळी, थालीपीठ, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू, केळं. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बिया असलेली बोरं-चिंचा नकोत, श्वासनलिकेत अडकतात. अडकलंच आणि मुलाला खोकता-बोलता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच ठोके, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके आत-वर. निघेपर्यंत आलटून पालटून. हे तिघांनीही आधी एकमेकांवर हलक्या हातानं सराव करून ठेवलेलं असावं.

अडीच तास कसे जातात

चालत जाणं पंधरा मिनिटं, शीव फिरणं दहा, गोलात बसून एक गाणं पाच. मग एक तास, जमलं तर सव्वा तास, मोकळा. डबा वीस मिनिटं, गोष्ट दहा, आवरणं दहा, परत चालत. बस.

नव्या माणसाला सगळ्यात अवघड जातो तो मोकळा तास. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मुलं तुमच्याभोवती घोटाळतात, "ताई, काय करू?" विचारतात. तिथं लगेच उपक्रम काढला की ती सवय पक्की होते. त्याऐवजी तुम्हीच खाली बसा आणि हातानं काहीतरी हळू करा: खड्डा उकरा, पानं निवडा, काड्या रचा. दोघं येऊन बसतात, तिसरा वेगळंच काही सुरू करतो. चौथ्या-पाचव्या फेरीला "काय करू" कमी होतं. एखादं मूल महिनाभर नुसतं बघत बसेल; बसू द्या.

पक्षी दिसला की नाव सांगायची घाई नको. "काय करतोय तो?" एवढंच विचारा. सातभाईंचा थवा पाचोळा उलटत हिंडतो, कोतवाल तारेवरून झेपावतो, टिटवी मुरमावर ओरडते, हे सगळं मुलं आपल्या शब्दांत सांगतात. त्यानंतर सांगितलेलं नाव टिकतं. टिटवी फार ओरडत असेल तर तिथून मुलांना मागे घ्या, उघड्या मुरमावर तिची अंडी असतात आणि ती खड्यांत खडा दिसतात.

दोन कामं नीट शिकून घ्या

पहिलं माती. ओढ्याकाठची किंवा विहिरीच्या खोदाईची काळी माती नुसती भिजवून बैल केला तर तो वाळताना तडकतो. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते, म्हणून. उपाय सोपा आहे. माती रात्रभर भिजवा, खडे चाळून काढा. तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू आणि मूठभर गव्हाचा भुसा घालून भाकरीच्या पिठापेक्षा जरा घट्ट मळा. बोटानं दाबलं तर ठसा राहिला आणि बोटाला चिकटली नाही, की झाली. पाय वेगळे करून चिकटवू नका, सांध्यावर हमखास सुटतात. एकाच गोळ्यातून ओढून काढा, मोठ्यांच्या अंगठ्याएवढे जाड. सावलीत तीन-चार दिवस वाळवा, उन्हात नाही. तीन वर्षांचं मूल बैल करणार नाही, गोळेच करेल, आणि पोळ्याला ते गोळेच बैलांच्या रांगेत उभे राहतील. तसंच असू द्या.

दुसरं ज्वारीचे धांडे. आपल्याकडे यासारखं खेळणं नाही: सालीच्या पट्ट्या आणि आतला मऊ भेंडाचा गाभा, एवढ्यावर गाडी, बैल, चष्मा, काहीही होतं. पण सालीची कड ब्लेडसारखी कापते. म्हणून सोलणं मोठ्यांनी करायचं, कोपर टेकवून, साल अंगापासून दूर ओढत. मुलांना तीन बोटं लांबीचे गाभ्याचे तुकडे आणि जोडायला खराट्याच्या दोन इंची काड्या द्या. हे काम बसूनच. काडी हातात घेऊन उठलेल्या मुलाकडून काडी आधी घ्यायची, मग बोलायचं.

वर्षभरात काय मिळतं

नोव्हेंबरमध्ये कापसाची बोंडं: सरकी काढत बसण्यात चार वर्षांची मुलं अर्धा तास रमतात. डिसेंबर-जानेवारीत हुरडा आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे येळवशीला सगळं गाव वावरात असतं. भज्जी, उंडे, आंबील घेऊन त्या दिवशी पालकांसकट जायचं, वेगळा कार्यक्रम लागतच नाही. आगटी पेटवणार असाल तर तिच्याभोवती सहा फुटांचा गोल आखा आणि एक मोठा माणूस फक्त तिथंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. खाली पडलेली दोन ओंजळी फुलं लिटरभर कडक गरम पाण्यात रात्रभर ठेवली की केशरी रंग उतरतो. गरम पाण्याचा भाग घरी करून आणा. मार्चअखेर पाखरांसाठी परळ भरून ठेवा, रोज पाणी बदला.

जूनमध्ये मृगाचा लाल मखमली किडा निघतो तो दोन-चार दिवसच. पानावर घ्यायचा, बघायचा, सोडायचा. पाठोपाठ वाणी म्हणजे पैसा किडा आणि शंखी गोगलगायी. वाणीला धरलं की तो उग्र वासाचं पाणी सोडतो, त्यानं डोळे चुरचुरतात. गोगलगायीला हात लावल्यावरही साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. श्रावणात आघाडा, दूर्वा, तरवड. दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडली जातात. मुलांना चार पानं पुरतात, खाली पडलेली वेचू द्या.

बिघडलं तर

वीज: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीसच्या आत आला तर लगेच पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये थांबायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप फोनवर ठेवा, सकाळी निघण्याआधी बघा.

साप चावला: मूल शांत, आडवं, चावलेला हात-पाय तुराट्या आणि रुमालानं हलणार नाही असा बांधून उचलून न्या. घट्ट आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे नाही. १०८ ला फोन आणि त्याच वेळी स्वतःची गाडी सुरू. जे आधी येईल त्यातून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते, तेव्हा साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

लाल विंचू: नुसतं दुखतंय म्हणून थांबू नका. घाम सुटणं, हातपाय गार पडणं, लाळ, उलटी, धाप ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं आहेत आणि लहान मुलात ती झपाट्यानं वाढतात. यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं, हे ज्यांच्या संशोधनामुळे जगभर पोचलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. औषध किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. तुमचं काम लवकर पोचवणं.

कुत्रा चावला किंवा नख लागलं: वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची काही लावू नका, त्याच दिवशी लस. मधमाश्या उठल्या: तोंड झाकून बंद खोलीकडे पळा, जमिनीवर झोपू नका, नांगी नखानं खरवडून काढा. जुलाब किंवा उन्हानं थकवा: ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात, किंवा लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ग्लानी असेल तर तोंडानं काही न देता दवाखाना.

निघताना

मोजणी. मग मुलांचे खिसे उलटे करा: बिया, खडे, कधी जिवंत किडा. जिवंत ते तिथंच सोडायचं, बाकीचं एक-एक घरी नेऊ द्या. मातीकामाचे खड्डे बुजवा, आडोशाच्या खड्ड्यावर माती ओढा, पाण्याच्या बाटल्या मोजा. मुलं पोचवून झाली की तिघांनी दहा मिनिटं बसून वहीत तीनच गोष्टी लिहा: आज कोण कुठे जास्त वेळ रमलं, कुठे "नको" म्हणावं लागलं, उद्या काय दुरुस्त करायचं. एकाच ठिकाणी तीनदा "नको" म्हणावं लागलं असेल तर मुलांना समजावण्याऐवजी ती जागा बदला: दगड हलवा, फांदी छाटा, शीव चार फूट आत घ्या. चिंध्याही आठवड्यातून एकदा मोजाव्या लागतात. शेळ्या त्या खाऊन टाकतात, आणि जिथली चिंधी गेली तिथून लेकरू सरळ बाहेर चालत जातं.